तलावाच्या पाळीवरचा दुसरा दगड

माझ्या दारूबद्दल गावात जे बोलतात ते सगळं खरं आहे. त्यात लपवण्यासारखं काही नाही. कोंबड्याबद्दल बोलतात ते मात्र मला अजून नीट समजलं नाही, आणि बोलणाऱ्यांनाही समजलं नसावं. म्हणून लिहायला बसलो. शाळा माझी दुसरीपर्यंत झाली. जोडाक्षर आलं की थांबावं लागतं. नातसून म्हणाली, आबाजी, मी दुरुस्त करून देते. म्हटलं, काही गरज नाही. चुकलं तर माझं चुकलं.

गोष्ट स्वराज्य आल्यानंतरच्या दोन-चार वर्षांतली. गोंदिया तेव्हा जिल्हा नव्हता, आम्ही भंडाऱ्यात होतो. आमचं गाव चिचगडच्या जंगलाकडचं. गावाच्या वरच्या अंगाला तलाव आहे, तो आमच्या पूर्वजांनी बांधला. तलावाची पाळ म्हणजे बांध, मातीचा आणि दगडाचा. आमच्या जातीत मुलाला चालता आलं की पहिली गोष्ट शिकवतात ती ही, की पाळीचा दगड हलवायचा नाही. एक दगड काढला तर पाणी वाट शोधते. मग खालचं सगळं धान जाते. हे मी सुरुवातीलाच सांगून ठेवतो, कारण पुढं ते लागणार आहे.

मी मोहाची प्यायचो. पहिले सणाला, मग बाजाराच्या दिवशी, मग रोज. आमचा बाजार मंगळवारी भरायचा, आणि बाजाराच्या मागच्या बाजूला, मोहाच्या झाडांखाली, कोंबडबाजार. धान निघालं की हा सुरू व्हायचा आणि उन्हाळ्यापर्यंत चालायचा. दोन कोंबडे समोरासमोर सोडतात. प्रत्येकाच्या एका पायाला बोटभर लांबीची धारदार पाती बांधलेली असते, तिला काती म्हणतात. जिंकला तो आपला कोंबडा घेऊन जातो आणि हरलेला मेलेलाही घेऊन जातो. हरला तो रिकामा हात हलवत घरी. आमच्याकडं पैसे लावणारेही होते, पण मला त्याचं काही नव्हतं. मला दुसऱ्याचा कोंबडा तंगडीला धरून, उलटा लोंबवत, चार लोकांसमोरून चालत यायचं होतं. एवढंच.

पण मी बहुतेक हरायचो. काती बांधणं हे कोंबड्याच्या ताकदीपेक्षा मोठं काम. दोरा घट्ट झाला तर कोंबडा लंगडते, सैल झाला तर काती फिरते. माझे हात दारूनं थरथरायचे. एका मंगळवारी माझा दोरा संपला. घरी होतो, पिऊन होतो. बायकोचं लग्नातलं लुगडं वलनीवर, म्हणजे कपड्यांच्या दोरीवर, होतं. त्याचा काठ मी उसवला आणि त्यातला दोरा काढला. चांगला, पिळाचा दोरा होता. त्या दिवशीही हरलो.

परत आलो तर ती नव्हती. तिचं माहेर सडक अर्जुनीकडं, नागपूर-रायपूरच्या सडकेला लागून. लुगडंही घेऊन गेली.

आठ दिवसांनी सासरे आले. बोलणारा माणूस नव्हता तो. ओसरीवर बसले, पाणी प्याले, आणि म्हणाले, "जवाईबापू, पोरगी म्हणते दारू सोडा. दरेकशाच्या डोंगरात एक वैद्य आहे. तेथं दगड ठेवून या, मंग येतो म्हणते."

"आन् नाई ठेवला त?"

"त नाई येत." पुन्हा पाणी प्याले. "आमच्या घरी जेवण आहे तिच्यासाठी."

मला राग आला. माझ्या घरी काय जेवण नव्हतं? पण तिच्याशिवाय घर चालत नव्हतं हे खरं. भांडी घासायची माणसं मिळतात. मी बोललो की उलटून बोलणारी माणसं मिळत नाहीत. मी गेलो.

आमगावपर्यंत छकड्यानं गेलो आणि तिथून गाडी. दरेकसा हे एवढंसं स्टेशन, उतरणारे आम्ही दोघंच, मी आणि सासरे. तिथून डोंगरात चालत गेलो. वैशाख होता. काखेत फडक्यात बांधलेला दगड, आमच्या तलावाच्या कडेला सुटा पडलेला, पाळीतला नव्हे. त्या वैद्याची रीत अशी, की रोग्यानं आपल्या शिवारातला दगड आणायचा. एकवीस दिवस मुळीचा काढा घ्यायचा. शेवटच्या दिवशी वैद्याच्या गावच्या तलावाच्या पाळीत तो दगड बसवायचा आणि जे सोडलं त्याचं नाव मोठ्यानं घ्यायचं. ऐकणारा एक माणूस पाहिजे. बाकीच्यांना तो दगडच. आमच्या जातीच्या माणसाला तसं नाही. मी पाळीत बसवलेला दगड मी काढणार नाही, मेलो तरी. सासऱ्यांना हे ठाऊक होतं. म्हणूनच त्यांनी हा वैद्य शोधला असावा.

सासरे मला सोडून परत गेले.

पहिले चार दिवस फार वाईट गेले. काढा कडू, पोटात राहत नव्हता. घाम. पाण्याचा गडू दोन हातांनी धरला तरी अर्धं पाणी छातीवर. भिंतीवरून मुंग्या चालताना दिसायच्या आणि वैद्याला म्हटलं तर तो म्हणायचा, "मुंग्या नाहीत, बाबू. तुझ्या डोळ्यात आहेत. डोळे मिट."

डोळे मिटले तरी दिसायच्या.

माझ्याबरोबर आणखी एकच रोगी होता. सडकेवर ट्रक चालवणारा ड्रायव्हर, हिंदी बोलायचा. त्याला गांजा सोडायचा होता. त्याचा दगडही ठेवून झाला होता, तरी गेला नव्हता. आंब्याखालच्या फरशीवर त्यानं कोळशानं रेघा ओढून वाघ-बकरीचा खेळ मांडला होता. चिचोके म्हणजे बकऱ्या, खडे म्हणजे वाघ. सकाळी बसायचा तो जेवायलाही उठायचा नाही. कोणी नसलं तर दोन्ही बाजूंनी स्वतःच खेळायचा आणि स्वतःवरच चिडायचा. "बेईमानी मत कर," म्हणायचा, स्वतःलाच.

वैद्य त्याच्याकडं पाहून खूश व्हायचा. "खेळून राहिला. खेळणारा माणूस पित नाही."

मलाही ते बरोबर वाटलं. आता वाटते काय, ते पुढं.

पाचव्या दिवशी अंगणात वैद्याचा कोंबडा माझ्यासमोर आला. लाल, मानेवर सोनेरी, पाय पिवळे आणि जाड. असा पाय मी बाजारात पाहिला नव्हता. वैद्यानं तो पहाटे आरवावा म्हणून पाळला होता. मी त्याला उचललं. पायाची जाडी बोटानं मोजली. हात थरथरत होते. अंगावरच्या पंच्याचा दोरा काढला आणि काती नसतानाही, नुसती काडी घेऊन, बांधून पाहिली. सुटली. पुन्हा बांधली. वैद्य पाहत होता.

दहाव्या दिवसापर्यंत माझे हात थांबले. खरं सांगतो, काढ्यानं थांबले की कोंबड्यानं, हे मला आजही सांगता येणार नाही. सकाळ-संध्याकाळ मी त्याला धरून बसायचो, पाय चोळायचो, काडी बांधायचो, दुसऱ्या कोंबड्याच्या आवाजावर त्याला उठवायचो. वैद्य पाणी भरलेला गडू माझ्या हातात द्यायचा. एक थेंब सांडत नव्हता.

"झालं," वैद्य म्हणाला. "तुले आता काही नाही."

एकविसाव्या दिवशी सासरे आले, ऐकणारा माणूस म्हणून. उन्हाळ्यात तलाव आटला होता, पाळीच्या डागडुजीचे दिवस. मी जागा निवडली, माती खरवडली आणि दगड असा बसवला की तो कोण्या परक्यानं बसवला असं कोणी म्हणू नये. मोठ्यानं म्हटलं, "मोहाची दारू सोडली."

त्या दिवसापासून थेंब घेतला नाही. सत्तर वर्षं होत आली. हे लिहून ठेवतो.

ती आली. पावसाच्या आधी आली. रोवणा म्हणजे धानाची लावणी झाली, निंदण झालं, धान चांगलं आलं. मी सकाळी उठायचो, बोलायचो, जेवायचो. ती माझ्या तोंडाजवळ येऊन वास घ्यायची आणि हसायची. "कोणाचा नवरा आहे हा?" म्हणायची. "बदलून त नाई आणला बाबानं?"

दिवाळी झाली. कोंबडबाजार उघडला. मी नुसतं पाहायला गेलो.

कोणी विश्वास ठेवो न ठेवो, पण पाहायलाच गेलो होतो. झाडाखाली मोहाची विकत होते. मला त्याचा वासही नको वाटला. उभा राहिलो. एका म्हाताऱ्याला काती बांधता येत नव्हती. म्हटलं, आण, मी बांधतो. हात असा थांबलेला होता की माझं मलाच नवल. तो म्हातारा जिंकला. पुढच्या मंगळवारी मी माझा कोंबडा घेऊन गेलो आणि जिंकलो. मेलेला कोंबडा उलटा लोंबवत घरी आलो. तिनं शिजवला. मीठ-मिरची बरोबर, रस्सा तांबडा, मी दोनदा भात घेतला. ती म्हणाली, "शुद्धीत आहे न जी?" म्हटलं, वास घे. तिनं घेतला. वास नव्हता.

मग पुढचा मंगळवार. मग त्याच्या पुढचा. मग बाजार नसला तरी कोंबडा मांडीवर. पिताना मी संध्याकाळी प्यायचो, दिवसा शेतात असायचो. आता दिवसाही नसायचो. पण हे मला तेव्हा दिसलं नाही. मला दिसत होतं ते एवढंच, की मी पित नाही आणि मी जिंकतो. आधी हरायचो म्हणून लोक हसत. आता लांबच्या गावचे लोक मला काती बांधायला बोलावू लागले. "हात पाहा त्याचा," म्हणत. मला आणखी काय पाहिजे होतं?

पुसात, म्हणजे पौषात, एकदा आभाळ आलं. आमचं धान उशिरा कापून झालं होतं, भारे खळ्यावर पडले होते, अजून रचून पुंजणं घातलं नव्हतं. मंगळवार होता. ती म्हणाली, "आज जाऊ नका जी, पाणी येऊन राहिलं."

म्हटलं, "दुपारपर्यंत येतो."

दुपारी पाणी आलं. मी चवथा कोंबडा बांधत होतो. पावसात कोंबडे चांगले लढतात असं नाही, पण लोक उठले नाहीत म्हणून मीही उठलो नाही. परत आलो तेव्हा खळ्यावर ती एकटी होती. अर्धे भारे तिनं ओढून तणसाच्या पेंढ्याखाली घातले होते. अर्धे भिजले होते. लुगडं गुडघ्यापर्यंत चिखलात, हाताला भाऱ्यांच्या बंदाचे वळ. माझ्या हातात दोन कोंबडे उलटे लोंबत होते.

मी थांबलो, कारण ती ओरडेल असं वाटलं. ती ओरडली नाही. माझ्याजवळ आली, तोंडाजवळ वास घेतला, आणि तिचा चेहराच पडला. वास असता तर तिला बरं वाटलं असतं. हे मी त्या वेळी पाहिलं.

"तुमी पेत होते तवा मी दारूले शिव्या देत होतो," ती म्हणाली. "आता कोणाले देऊ?"

"अव, मी पेलो नाई."

"तेच त म्हणून राहिली."

दुसऱ्या दिवशी गाठोडं बांधलं आणि गेली.

मला अन्याय झाला असं वाटलं. अजूनही थोडं वाटते. तिनं म्हटलं होतं दारू सोडा, मी सोडली. दगड ठेवला. दगडाचा मान मी राखला. आता ती म्हणते दुसरंच काही. मी सडक अर्जुनीला गेलो. सासऱ्यांच्या ओसरीवरून सडकेचे ट्रक दिसत होते. ती आतून बाहेर आली नाही, दाराआडून बोलली.

"दुसरा दगड ठेवा."

"कायचा?"

"ते तुमाले मालूम."

"मले नाई मालूम! मी एक नाव घेतलं, ते पाळलं. वैद्याले विचार."

"मंग त्याइलेच विचारून या," ती म्हणाली.

मी तसाच दरेकशाला गेलो. दगड नेला नाही. मी नवस बोलायला चाललो नव्हतो, साक्ष आणायला चाललो होतो. वैद्यानं सांगावं, की हा माणूस बरा झाला आहे, याला काही नाही.

वैद्य अंगणात काठी घेऊन बसला होता. मला पाहिल्याबरोबर म्हणाला, "आला का? तो कोंबडा घेऊन जा तुझा."

"माहा कोंबडा?"

"तू बिघडवला न त्याले. आरवत नाही, नुसता मारते. माझ्याच पायाले चार वेळा मारलं त्यानं. रोगी येते त त्याच्या अंगावर जाते." त्यानं काठी दाखवली. "ही त्याच्यासाठी आहे."

मी हसलो. मग सगळं सांगितलं. बायको, बाजार, भिजलेलं धान. वैद्य ऐकत राहिला, मध्येच माझा हात हातात घेऊन पाहिला, नाडी पाहिली, डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली.

"दारू नाही," तो म्हणाला.

"मी तेच म्हणून राहिलो."

"मंग मले समजत नाही, बाबू. कोंबड्याची मुळी माझ्याजवळ नाही. मले वाटलं, हात थांबले म्हणजे झालं."

मोठा वैद्य होता तो. त्याच्या तोंडून समजत नाही हे ऐकून माझं बळ गेलं. मी आंब्याकडं पाहिलं. ड्रायव्हर तिथंच होता. दाढी वाढलेली, फरशीवरच्या रेघा आता कोळशाच्या नव्हत्या, छिन्नीनं कोरून काढल्या होत्या.

"तू अजून येथंच?" मी विचारलं.

"बस एक बाजी, भैया," तो म्हणाला. "फिर चलते हैं."

"गांजा?"

"छुआ तक नहीं. कसम से." मोठ्या अभिमानानं म्हणाला. "बैठो न. बकरी लोगे के बाघ?"

वैद्य म्हणाला, त्याची बायको येऊन गेली, भाऊ येऊन गेला. ट्रक आता दुसरा माणूस चालवतो. त्यानं गांजा सोडला हे खरं आहे, असं वैद्यानं त्यांना सांगितलं. ते परत गेले.

मला त्या ड्रायव्हरचा राग आला. निर्लज्ज माणूस, म्हटलं, बायको दारात येते आणि हा चिचोके सरकवते. असं मनात म्हणत असताना माझी बोटं हलत होती. धोतराच्या सुताला पीळ देऊन, करंगळीला गुंडाळून, गाठ मारून, सोडून, पुन्हा. ते वैद्यानं पाहिलं. मीही पाहिलं. मी हात मांडीखाली घेतले.

निघताना वैद्य म्हणाला, "दगड ठेवायचा असन त तुझ्याच पाळीवर ठेव. आन् तिलेच ऐकू दे. मी ऐकून काही उपयोग नाही."

मी सासऱ्यांकडं निरोप धाडला. मंगळवारी या, दगड ठेवतो, पोरीला ऐकायला आणा. मंगळवार मी मुद्दाम निवडला नाही. सासऱ्यांना तोच दिवस जमत होता.

ते आले. तिच्या डोक्यावर गाठोडं होतं. ते पाहून मला जरा बरं वाटलं, आणि लगेच भीतीही वाटली, कारण गाठोडं परतही जाऊ शकते. तलाव भरलेला होता. मी पाळीवर जागा पाहून ठेवली होती, खळगा केला होता. दगड हातात घेऊन उभा राहिलो. ती समोर, गाठोडं डोक्यावर तसंच.

"घ्या नाव," ती म्हणाली.

"कोंबडा सोडला."

"अंगणात तीन आहेत ते कायले ठेवले मंग? पाहुणा आला त त्याले का पाणी पाजू?"

"बरं. बाजार सोडला."

"मीठ कोण आणन?"

"काती सोडली."

"दुसऱ्याच्या कोंबड्याले बांधून देता न तुमी. त्याची काती त्याच्याजवळ असते."

सासरे खोकले. "मी खाली झाडाखाली बसतो. ऊन लागून राहिलं," म्हणाले आणि निघून गेले. ऊन नव्हतं.

मला संताप आला. माझ्याच पाळीवर, दगड हातात जड होत चाललेला, आणि ही एकेक नाव उडवून लावते. म्हटलं, "मंग तूच सांग न व! काय सोडू? तुले मालूम आहे त बोल!"

तिनं डोक्यावरचं गाठोडं सावरलं. मग हळू म्हणाली, "मले का मालूम जी? तुमच्या आत का आहे ते मले कोठून दिसन? मले त वाटलं दारूच आहे."

मला तिच्यावर राग धरता येईना. तिलाही तेवढंच कळत होतं जेवढं मला. बाजाराकडून, झाडांपलीकडून, लोकांचा गलका येत होता. कोणाचा तरी जिंकला असावा. माझी मान तिकडं वळली. तिनं ते पाहिलं.

मी म्हटलं, "मंगळवार सोडला."

"का म्हटलं?"

"मंगळवार. मंगळवारी मी घराच्या बाहेर पाय ठेवत नाई. तू म्हणशीन तेथं बसतो."

तिच्या तोंडावर हसू आलं आणि तिनं ते दाबलं. "वार कोणी सोडते का, जी?"

"मी सोडतो."

"बाजार बुधवारी भरला त?"

"त बुधवारचा दगड आणीन."

"पाळ पुरन नाई तुमाले," ती म्हणाली. पण नाव तिनं उडवलं नाही. मी वाकून दगड बसवला, माती ठोकली, वर पाय देऊन पाहिला. हलला नाही.

त्याला नाव बरोबर दिलं की नाही, मला माहीत नाही. मंगळवारानं माझं काय केलं होतं? कधी वाटते, दारू आणि कोंबडा ही दोन नव्हतीच, एकच काही होतं, आणि मी त्याचं एक टोक कापलं. कधी वाटते, तसं असतं तर दारू सुटली कशी? मुलांना विचारलं तर ते म्हणतात, आबाजी, जाऊ द्या. मी जाऊ देत नाही, पण पुढं जाताही येत नाही.

त्या दिवशी घरी आलो. गाठोडं तिनं ढोलीजवळ, धान ठेवतो तिथं, खाली ठेवलं. उघडलं नाही. मला उंबऱ्यावर बसवलं आणि स्वतः समोर बसली. माझी बोटं सुरू झाली. तिनं पाहिलं, उठली, अंबाडीचा वाख आणून माझ्या मांडीवर टाकला. "दावं वळा." मी वळू लागलो. वाकडं वळलं. तिनं उकललं, पुन्हा माझ्या हातात दिलं. संध्याकाळी बाजारातून लोक परतू लागले. एकानं दारातून हाक मारली, "काऊन जी, आज दिसले नाई?" तिनंच सांगितलं, "दावं वळून राहिले."

गाठोडं रात्रीही तसंच होतं. मी एकदा हळूच हात लावून पाहिलं, तर म्हणाली, "राहू द्या."

बुधवारी सकाळी तिनं ते उघडलं. सगळ्यात वर ते काठ उसवलेलं लुगडं होतं. तिनं ते झटकलं आणि वलनीवर टाकलं.